दहा बोटांचे गुरुजी

आमच्या ढोबळे गुरुजींना नमस्कार केला, की ते नुसता नमस्कार घ्यायचे नाहीत. समोरच्याचे जोडलेले हात धरून उघडायचे आणि तळव्यावरून अंगठा फिरवायचे. "दाखव हात!" पांढुर्ण्यात नवा आलेला माणूस त्यांना ज्योतिषीच समजायचा. एका तहसीलदार साहेबांनी तर मोठ्या आशेनं विचारलं, "बढती दिसते का हो?"

"या हातावर?" गुरुजी म्हणाले. "एक घट्टा नाही साहेब! काही काम करून राहिले, का नुसत्या सह्याच?"

मी त्यांच्याच शाळेत गणित शिकवायचो आणि शेजारच्या खोलीत राहायचो, म्हणून माझे हात रोज तपासले जात. खडूशिवाय काही सापडत नसे. त्यांना माझी मनापासून कीव यायची.

देश नवा नवा स्वतंत्र झाला होता. आज इथे धरण, उद्या तिथे कारखाना, अशा बातम्या यायच्या आणि गुरुजी पेपर नाचवत वर्गात शिरायचे. "अबे पोट्टेहो, हे सारं कोन बांधून राहिलं? हातच ना?" शाळेला लागूनच कापसाची जीन होती. सरकी वेगळी करणारी मशिनं दिवसभर धडधडत, आणि आमची मुलं भिंतीच्या अलीकडे बसून यंत्रयुगाचे फायदे पाठ करत. याचा त्यांना भारी राग. वरच्या वर्गातल्या मुलांना दुपारनंतर दोन तास जिनीत शिकू द्या, एवढंच मागायला ते जिनीच्या मालकाकडे, रतनशेठकडे, इतक्यांदा गेले, की दरवान त्यांना लांबून पाहूनच म्हणायचा, "शेठ नाही जी." आत शेठ खोकत असायचे.

मग तो बाजाराचा दिवस आला. गुरुजी बारा मुलांना कापसाचा बाजार दाखवायला घेऊन गेले, आणि मला ओढत नेलं. तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल हातावर उपरणं टाकून हात पुढे करायचा, व्यापारी त्याखाली बोटं दाबायचा, आणि सौदा ठरायचा. गुरुजींना हे चांगलं ठाऊक होतं. मुलांना तेच तर समजावून सांगत होते! पण समजावता समजावता पुढ्यात एक झाकलेला हात आला, आणि सवय ती सवय. त्यांनी उपरण्याखाली हात घातला आणि दलालाची बोटं एकेक करून चाचपली.

"सौदा झाला!" दलाल ओरडला.

"अरे, मी तं घट्टे पाहून राहिलो होतो!"

"बोटं दाबली का नाही? मंग झालं. बंडी तुमची."

सारा बाजार पोट धरून हसला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी खिसा चाचपून पाहिला. गुरुजी क्षणभर त्या कापसानं भरलेल्या बैलबंडीकडे पाहत राहिले आणि एकदम टुणकन उडालेच. "अहो मास्तर, मी तं गिऱ्हाईक झालो!"

पैसे सरकी काढलेला कापूस विकल्यावर द्यायचे ठरले, आणि बंडी थेट जिनीच्या फाटकावर. दरवानानं तोंड उघडलं, "शेठ ना..."

"शेठ कोनाले पाह्यजे? कापूस आनला!"

गिऱ्हाइकाची माणसं आपल्या मालाजवळ उभी राहू शकत, असा तिथला रिवाजच होता. गुरुजींची माणसं बारा. मुलांनी कापसातलं पान न् पान वेचलं, आणि मिस्त्रीला प्रश्न विचारून विचारून भंडावलं. पट्टा कसा चढवतात? तेल कुठे घालता? त्या म्हाताऱ्या मिस्त्रीला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलंच नव्हतं. संध्याकाळी तोच शेठकडे गेला. "पोट्टे येऊ द्या जी. शिकतेत."

शेठ पाघळले, पण अट घालून. "एकाचंही बोट गेलं, तं बंद. अन् फाटकावर तुमी स्वता पाह्यजे. गुरुजी नाही, तं पोट्टे नाही."

तेव्हापासून रोज सुटताना मुलं फाटकाशी रांगेनं हात पुढे करत, आणि गुरुजी मोजत. "दहा. जा घरी. दहा. जा घरी." एखाद्या तळव्यावर पहिला घट्टा उठला, की त्या दिवशी गुरुजींची दिवाळी. मला मुद्दाम बोलावून दाखवत.

मग प्रांतरचना आली. नागपूर मुंबईच्या राज्यात जाणार, आम्ही भोपाळच्या. कुठे नोकरी करायची ते लिहून द्या, असे कागद आले. गुरुजींचं आपलं म्हणावं असं एकच माणूस होतं, नागपूरची थोरली बहीण. तिनं त्यांच्यासाठी खोली झाडून ठेवली होती. त्यांनी कागदावर नागपूर लिहिलं आणि तो माझ्याकडे दिला. "उद्या तुमीच देऊन टाका हेडमास्तरले. माझ्या हातून होनार नाही."

त्या संध्याकाळी मी त्यांच्यासोबत फाटकावर गेलो. पुंडलिक त्या पहिल्या बारा मुलांतला. त्याच दिवशी त्याला जिनीत मिस्त्रीच्या हाताखाली कायमचं काम लागलं होतं. गुरुजींनी त्याची बोटं मोजली. तो हलेना.

"गुरुजी, आता तुमचा हात दाखवा."

गुरुजी गोंधळले. पुंडलिकनं त्यांचा तळवा उघडून तेलकट अंगठा फिरवला. "तुमच्या हातावर तं एकबी घट्टा नाही जी!"

"मले फिटर व्हायचं होतं रे," गुरुजी हळूच म्हणाले. "बापानं जाऊ देल्लं नाही. हात खराब होतीन म्हने."

पुंडलिकनं हात सोडला नाही. त्यानं ती बोटं एकेक करून मोजली. "दहा, गुरुजी. जा घरी."

गुरुजींचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं ते सगळ्यांना घरी धाडत होते. त्यांना घरी जा म्हणणारं इथे आजवर कुणी नव्हतं.

रस्त्यात त्यांनी माझ्याकडून तो कागद परत घेतला, नागपूर खोडलं आणि वर पांढुर्णा लिहिलं. कागदावर तेलाचा डाग पडला. मी दुसरा कागद आणतो म्हणालो, तर म्हणाले, "राहू द्या मास्तर. असाच द्या."