सुका की गिला?

सुरायाचा निळा रेशमी पोशाख वाळत नव्हता आणि सुरायाला चैन पडत नव्हतं. मलेशियातल्या तैपिंगची हवाच अशी, की इथे माणूससुद्धा पुरता वाळत नाही. पण शुक्रवारी हाफिजच्या घरच्या बायका मागणी घालायला येणार अशी कुणकुण लागल्यापासून ती औषधांच्या दुकानातलं काम टाकून सारखी शेजारच्या लाँड्रीत यायची आणि पोशाखाला हात लावून बघायची.

"अगं, हात लावून लावून आणखी ओला करशील," लाँड्रीवाला जसमेरसिंग म्हणाला. "रेशीम आहे ते. यंत्रात घातलं तर बाहेर येईल तेव्हा तुझ्या बाहुलीला होईल."

"पण संध्याकाळपर्यंत वाळेल ना?"

"वाळेल. तू जा आता. नोकरी गेली तर हाफिजला खोकल्याचं औषध कोण देणार?"

सुराया लाजली. हाफिजला खोकला नव्हता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी तो औषध नेत होता आणि ती देत होती. त्यापलीकडे दोघांची मजल गेली नव्हती. पुढचं सगळं मोठ्यांच्या हातात. आणि हे जमलं नाही तर आईने नात्यातला एक तांदळाचा व्यापारी हाताशी ठेवला होता. तो जेवताना मोठ्याने ढेकर देई आणि वर तांदळाचा भाव सांगे. सुराया देवाकडे दुसरं काही मागत नव्हती, फक्त तो व्यापारी नको म्हणत होती.

जसमेर हॉटेलच्या चादरी पोचवायला निघाला. दुकानात नछत्तरआत्या होत्या. त्या पंजाबातल्या मोग्याहून भाच्याकडे राहायला आलेल्या, आणि त्यांना मलय भाषेचा गंध नव्हता.

"आत्या, सुरायाच्या घरून कुणी आलं, तर पोशाख वाळला की नाही एवढंच सांग."

"सांगते की. यांची भाषा म्हणजे आपलीच. साबणाला साबुन म्हणतात, रोटीला रोटी, आणि कुंजीला कुंची. अर्धी मला येतेच."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती त्यांनी शिकावी."

जसमेरची गाडी कोपऱ्यावरून वळली आणि दुकानात एक ठेंगणी, छत्रीवाली बाई शिरली. ही झलेहा, हाफिजची मावशी. मागणी घालण्याआधी मुलीची शेजारीपाजारी गुपचूप चौकशी करायची हा इथला रिवाज, आणि या कामात झलेहाचा हात धरणारं कुणी नव्हतं. आधी ती हवेबद्दल बोलली, मग पायपुसण्याच्या धुलाईचा दर विचारला. आत्या नुसत्या मान डोलवत होत्या. शेवटी झलेहाचा धीर सुटला आणि तिने सरळ विचारलं,

"सुराया सुका हाफिज?"

मलयमध्ये 'सुका' म्हणजे आवडणं, पंजाबीत 'सुक्का' म्हणजे वाळलेला. आत्यांनी 'सुराया' ऐकलं, 'सुका' ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. अर्धी भाषा कामाला आली होती.

"नहीं नहीं, सुक्का नहीं," त्या जोरात मान हलवत म्हणाल्या. "गिल्ला. गिल्ला." आणि दोन्ही हातांनी हवेत पोशाख पिळून दाखवला.

झलेहाने छत्री घट्ट धरली. पंजाबीत 'गिल्ला' म्हणजे ओला, पण मलयमध्ये 'गिला' म्हणजे वेडा. मुलगी वेडी, आणि वर माणसांचे गळे पिळते? खात्री करावी म्हणून तिने स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं. "गिला?"

ही पोशाखाबरोबर धुवायला आलेल्या सुरायाच्या डोक्यावरच्या रुमालाचं विचारतेय, हे आत्यांनी ओळखलं. तोही ओलाच होता. "हां जी, ओह वी गिल्ला." मग त्यांना सकाळपासून खेपा घालणाऱ्या त्या पोरीची कणव आली. "विचारी काकी," त्या हळहळल्या.

पंजाबीत 'विचारी काकी' म्हणजे बिचारी पोर. मलयमध्ये 'काकी' म्हणजे पाय. झलेहा तिथून जी निघाली, ती छत्री उघडायचंही विसरली.

दुपारी सुरायाच्या आईला, रोकियाला, हाफिजच्या आईचा फोन आला. "शुक्रवारचं राहू दे हो. तुमच्या घरात एवढं आजारपण असताना कशाला त्रास?"

"कुणाला काय झालंय?"

"लपवू नये हो असं. लाँड्रीतल्या म्हातारीने झलेहाला सगळं सांगितलं. डोक्याचंही आणि पायाचंही."

रोकिया हातात पळी तशीच घेऊन लाँड्रीत आली. जसमेर नुकताच परतला होता.

"जसमेर, तुझ्या आत्याचं मी काय घोडं मारलंय? माझ्या पोरीला वेडी आणि लंगडी म्हणते."

"आत्या, तू काय बोललीस?" जसमेरने विचारलं.

"तू सांगितलंस तेच. सुक्का नाही, गिल्ला आहे म्हटलं. चांगली बाई होती, काळजीने रुमालाचंही विचारलं तिने."

जसमेर कपाळाला हात लावून मटकन खाली बसला. दोन्ही भाषा येणारा तिथे तो एकटाच होता, आणि तोच चादरी वाटत हिंडत होता. त्याने रोकियाला सगळं समजावलं. तिला हसू येत होतं, पण शुक्रवार डोळ्यांपुढे असल्यामुळे हसायला फुरसत नव्हती. तिघं गाडीत बसून झलेहाकडे निघाली. आत्या मागे गाठोड्यांवर बसल्या आणि वाटभर विचारत राहिल्या, "पण ओल्याला ओला नाही म्हणायचं, तर काय म्हणायचं?"

झलेहाचा विश्वास बसेना. "वेडाचं ओलं झालं, आवडीचं कोरडं झालं. बरं जमवलंत रे."

ती न्हाणीघरातून टपटपणारा पंचा घेऊन आली आणि आत्यांपुढे धरला.

"गिल्ला," आत्या म्हणाल्या.

मग तिने कपाटातली घडी काढली.

"सुक्का. पण घडी चांगली नाही घातली."

दुसऱ्या वाक्याचं भाषांतर जसमेरने केलं नाही. झलेहाचा चेहरा मात्र सैल पडला.

"बरं, माझी चूक झाली. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच की. मुलीला आमचा हाफिज आवडतो का?"

सगळ्यांनी रोकियाकडे पाहिलं. रोकियाने पळीकडे पाहिलं. मुलीला हे कुणी विचारलंच नव्हतं. तिने घाईघाईने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा पुढे धरला.

"सुराया, कुठे आहेस तू?"

"चहाच्या टपरीवर. हाफिज आलाय. घरी काहीबाही ऐकून धावत आला, माझे पाय बघायला."

"मग?"

"दोन्ही आहेत म्हणाला."

"आणि डोक्याचं?" झलेहाला राहवलं नाही.

"डोक्याचं नाही विचारलं, मावशी. लग्नाचं विचारलं. मी हो म्हटलं."

झलेहा पंचा हातात घेऊन उभी राहिली. तिच्या उभ्या आयुष्यात चौकशी पुरी व्हायच्या आत लग्न ठरलं नव्हतं.

"काय झालं रे?" आत्यांनी विचारलं.

"ठरलं, आत्या. पोरांनी आपापसातच ठरवलं."

आत्यांनी ओढणी नीट केली.

"मग लग्नात मला पुढच्या रांगेत बसवायला सांग. मुलीची चौकशी माझ्याकडे झाली होती."