एकालाबी तुरा न्हाई

जोतीअण्णांनी दारात फुलं पेरायचं ठरवलं तेव्हा त्यांच्या पदरात काय काय पडणार, याचा अंदाज मी दुकानाच्या खुर्चीतूनच बांधला होता. ऋषिराजचं, म्हणजे त्यांच्या पोराचं, प्री-वेडिंग शूटिंग घरच्या घरी होणार. होणाऱ्या सुनेची हौस भागणार. आणि सगळ्यात मोठी कमाई म्हणजे कराडचे व्याही धैर्यशीलराव गप्प बसणार. माझी कमाई निराळी. पलूसला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि घर अण्णांच्या भिंतीला भिंत लावून. अण्णा काहीही पेरोत, त्याचं पहिलं पीक माझ्या गल्ल्यात येतं.

सुरुवात साखरपुड्यात झाली. रेश्मा, होणारी सून, लाजत म्हणाली, "मला फुलांत फोटो काढायचेत. कासला." पण लग्न माघात. तोवर कासच्या पठारावर फुलं सोडा, गवतसुद्धा वाळलेलं. धैर्यशीलरावांनी लगेच मोबाइल काढला.

"पाव्हणं, शिरवळच्या अंगाला एक रिसॉर्ट हाय. बारमाही फुलं. बुक करून टाकतो. तुमी कशाला तरास घेता? तुमचं आपलं उसाचं काम."

"उसाचं काम" हे त्यांनी असं म्हटलं की अण्णांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली.

"रिसॉर्ट कशाला? कास आणून दारात ठिवतो. रेश्मा, बाळ, हा माझा शबुद."

आता अण्णांचा शब्द साधा नव्हे. उसाच्या एकरी टनेजात तालुक्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कारखान्याने सत्कारात दिलेल्या शाली इतक्या झाल्यात की रंगूकाकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, थंडीत म्हशीच्या अंगावर घालतात.

दुसऱ्या दिवशी अण्णा दुकानात हजर.

"जिनदत्ता, सगळ्यात सोपं फूल दे."

मी कॉसमॉसची पाकिटं पुढे केली. केशरी फूल, नुसतं फेकलं तरी उगवतं. पाकिटाच्या पाठीवर छापलेलं: 'सोपे फूल. थेट बागेत पेरावे. विशेष काळजीची गरज नाही.' अण्णांनी चष्मा चढवून ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"कुणी लिवलंय हे?"

"कंपनीनं."

"कंपनीचा बा कवा बांधावर गेलता? काळजी न करता काय येतं रं? गाजरगवत येतं. डीएपी काढ. युरिया काढ."

मला फुलांतलं काही कळत नाही. पण गिऱ्हाइकाला 'खत कमी घाला' म्हणणारा दुकानदार पलूसमध्ये अजून जन्मायचाय, आणि तो पहिला मान घ्यायची मला घाई नव्हती. मी पोती काढली.

मग जे झालं ते सबंध आळीने बघितलं. अंगणातली काळीभोर माती रोटाव्हेटरने लोण्यासारखी झाली. शेणखत पडलं. उसासारख्या सऱ्या पडल्या, ठिबकच्या नळ्या आल्या. बियांना बेणेप्रक्रिया झाली. नखाएवढं बी अण्णा औषधात बुडवत होते आणि रंगूकाकू दारातून बघत होत्या.

"आवं, फुलं पेरताय का पोरगं न्हाऊ घालताय?"

"तू गप. टनेजची चीज हाय ही."

एक फोडलेलं पाकीट उरलं, ते अण्णांनी मला परत आणून दिलं. फोडलेलं पाकीट कुठली कंपनी परत घेते? मी ते घरी नेलं. सुरेखाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्यातलं बी कंपाउंडच्या बांधकामातून उरलेल्या मुरमाच्या ढिगावर भिरकावलं आणि भांडी घासायला बसली. भांड्यांचं पाणी त्या ढिगाकडे जातं, एवढंच त्याचं बागायत.

अण्णांचं कॉसमॉस मात्र पैलवानासारखं वाढलं. आधी गुडघ्याला आलं. उसासारखी बाळभरणी झाली, बुडाला माती चढली, कमरेला आलं. मोठी भरणी झाली, छातीला आलं. खोडं अंगठ्यासारखी. वाऱ्याने लोळू नये म्हणून बांबू रोवले. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "अण्णा, ही कुठली नवी जात? कारखाना घेतो का?"

अण्णा रोज संध्याकाळी कराडला फोन लावायचे. त्यांचा आवाज असा की फोन नसता तरी कराडला ऐकू गेलं असतं.

"पाव्हणं, छातीला लागलंय! काळंभोर पान! आन् एकालाबी तुरा न्हाई!"

उसाला तुरा आला, म्हणजे शेंड्याला फुलोरा फुटला, की वाढ थांबते, वजन घटतं. हा माणूस चाळीस वर्षं तुऱ्याशी वैर धरून जगलेला. शेजारच्या रानात तुरा दिसला तरी याला जेवण जात नाही. त्यामुळे 'तुरा न्हाई' हे वाक्य त्यांच्या तोंडून अभिमानानेच यायचं. पलीकडून धैर्यशीलरावही "वा, वा" म्हणायचे. त्यांचं इलेक्ट्रिकचं दुकान. त्यांना काय कळतंय?

शूटिंगला आठवडा राहिला तेव्हा रंगूकाकूंनी चहाची बशी खाली ठेवली.

"आवं, पर फूल म्हंजे तुराच न्हवं का?"

मी तिथेच होतो. अण्णांचा चेहरा बंद पडलेल्या मोटरीसारखा झाला. उठून ते अंगणात गेले, एकेक शेंडा वाकवून बघत राहिले. परत आले तेव्हा आवाज पार उतरलेला.

"जिनदत्ता, पोरीला शबुद दिलाय रं. काय तरी दे. फुलोऱ्याचं."

मी फुलोऱ्याचं दिलं. अण्णांनी त्याच्या जोडीला आणखी युरिया घातला, उपाशीपोटी फूल कसं येईल म्हणून. आठवड्यात झाडं अण्णांच्या डोक्यावरून गेली.

शूटिंगच्या दिवशी कराडहून दोन गाड्या आल्या. रेश्मा पिवळ्याधमक साडीत, ऋषिराज जॅकेटात घामाघूम, साईराज नावाचा फोटोग्राफर ड्रोनसकट, आणि मागून धैर्यशीलराव, सावकाश, लग्नाच्या पंगतीत आग्रहाची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

साईराजने अंगणाकडे बघितलं. "अण्णा, उसाचे फोटो नंतर काढू. फुलं कुठायत?"

"हीच फुलं हायत."

"कुठं?"

"आत हायत. आजून भाईर आल्याली न्हाईत."

धैर्यशीलरावांनी मोबाइल काढला. "रिसॉर्टवाल्याला ईचारू का? आज रिकामं असंल."

"काढा की दोन फोटो," अण्णा म्हणाले. नवरा-नवरीला आत उभं केलं. दोघंही दिसेनात. "ऋषिराज, हात वर कर," साईराज ओरडला. दाट हिरवळीतून एक मनगटी घड्याळ वर आलं. रेश्मा आतूनच म्हणाली, "अण्णा, छान गार हाय हो इथं." तिचं ते मन राखणं ऐकून अण्णांनी तोंड फिरवलं. मी आजवर अण्णांना फक्त एकदा, कारखान्याच्या निवडणुकीत पडल्यावर, तोंड फिरवताना बघितलंय.

शेवटचा उपाय म्हणून साईराजने ड्रोन उडवला. पडद्यावर हिरवा चौकोन दिसला, मग भिंत दिसली, आणि भिंतीपलीकडे पेटल्यासारखा केशरी डोंगर.

"हे काय हाय?"

माझ्या घराची मागची बाजू होती. सुरेखाचा मुरूम. झाडं गुडघाभर, पानं मोजकी, आणि फुलं इतकी की खालचा दगड दिसेना.

सगळी वरात माझ्या परसात. रेश्मा धावत पुढे. अण्णा त्या ढिगापाशी उकिडवे बसले, मुरूम चिमटीत घेतला, वास घेतला.

"सुरेखा, डोस काय दिला पोरी?"

"डोस? भांड्यांचं खरकटं पाणी जातंय, अण्णा. पाकिटावर लिवलंय की, काळजीची गरज न्हाई म्हणून."

अण्णांनी ते पाकीट तिच्याकडून मागून घेतलं.

लग्नात मोठ्या पडद्यावर फोटो झळकले. रेश्मा केशरी फुलांत, खाली अक्षरं: 'स्थळ: जोतीरामअण्णांची बाग'. कोपऱ्यात बनियन-लुंगीतला मी, तोंडात टूथब्रश. सगळा मांडव टाळ्या वाजवत होता. धैर्यशीलराव अण्णांना मिठी मारून म्हणाले, "पाव्हणं, मानलं."

तर जमाखर्च असा. सुनेला फोटो मिळाले, अण्णांना मान मिळाला, व्याह्यांचं तोंड बंद झालं, अंगणातलं कापून म्हशीला महिनाभर वैरण झाली. अण्णा म्हणाले ते खरं, टनेज उत्तम पडलं. आता ते रोज माझ्याच खुर्चीत बसतात, माझाच चहा पितात आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला खिशातलं पाकीट काढून दाखवतात. "वाच. काळजीची गरज न्हाई. कशाला पोती नेतोस?" निम्मी गिऱ्हाइकं हात हलवत परत जातात.

अण्णांनी परत केलेला युरियाही माझ्याच बोकांडी बसला. एक पोतं तर ओल धरून दगड झालेलं. ते वाया का घालवा? मुरमाच्या ढिगावर पडलेल्या बियांतून नवी रोपं उगवली होती. म्हटलं, जरा जीव धरतील. फोडून, दोन-तीनदा, हाताने घातला.

काल सुरेखा परसातून आली. तिला मागची भिंत दिसत नाही म्हणे आता.

"खांद्याला लागलंय," ती म्हणाली. "काळंभोर पान. एकालाबी तुरा न्हाई. कराडला फोन लावू?"