गाडीचा नंबर कुणी पाहिला?

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक चष्म्याचं दुकान मनात आणा. भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात शंभरेक चष्मे आणि काउंटरमागे रागानं लाल झालेले चष्मेवाले. दिसले? आता ते एवढे का चिडले, ते ऐका.

चष्मेवाले रोज संध्याकाळी तयार चष्मे घरोघरी पोचवायला व्हॅन घेऊन निघत. रस्त्यावर दिव्यांचा पत्ता नाही, खड्डे मात्र हवे तेवढे. त्यात समोरच्या गाड्यांचे झोत थेट डोळ्यांत. "लाज कशी वाटत नाही या लोकांना!" ते ओरडत. शेवटी परवा त्यांनीही व्हॅनच्या टपावर दोन जादा एलईडी दिवे बसवून घेतले.

"रात्रीचा दिवस होईल, साहेब," दिवे बसवणारा म्हणाला. "फक्त उद्या गाडी भिंतीसमोर लावू. झोत खाली वळवून घट्ट करायचे राहिलेत."

"उद्या-बिद्या काही नाही! लोक चष्म्यांची वाट बघतायत."

त्या संध्याकाळी त्यांची आठ वर्षांची लेक टिकली शेजारी बसली होती. रस्ताच काय, झाडांचे शेंडेसुद्धा लख्ख दिसत होते. समोरून येणारे आपल्या दिव्यांची सारखी उघडझाप करत होते.

"बघ, कौतुक करतायत!" बाबा खूश.

एवढ्यात एक सायकल डुगडुगत रस्ता सोडून झुडपात शिरली.

"बाबा, ती सायकल झुडपात गेली!"

"जवळची वाट असेल त्याची."

आणि आज सकाळी पोस्टमनकाका लंगडत दुकानात आले. हातात चष्म्याच्या दोन काड्या, काचा गायब.

"काय सांगू साहेब, परवा समोरून एक गाडी आली आणि डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा! सरळ झुडपात गेलो. गुडघा अजून ठणकतोय. उद्या झुडपाऐवजी विहीर असली तर?"

"तोच तो!" नव्या चष्म्यासाठी आलेल्या बेकरीवाल्या मावशी खुर्चीतून उठल्याच. "काल मलाही भेटला मेला. पावाची हातगाडी धरून आंधळ्यासारखी उभी राहिले मी!"

चष्मेवाल्यांची कानशिलं तापली. त्यांच्या गिऱ्हाइकांचे डोळे! वर्षानुवर्षं तपासलेले, जपलेले डोळे!

"हा माणूस आहे की कोण? याला मोकळा सोडायचा नाही. मी स्वतः अर्ज लिहितो पोलिसांना!"

त्यांनी कागद ओढला आणि लिहीत सुटले. सदर इसमाचे दिवे तात्काळ काढावेत. सदर इसमास त्याच्याच दिव्यांसमोर तासभर उभे करावे. डोळ्यांची पापणी मिटू देऊ नये. मग खाली पहिली सही त्यांनीच ठोकली, दुसरी पोस्टमनकाकांनी, तिसरी मावशींनी.

"पण गाडीचा नंबर?" मावशींनी विचारलं. "ती जागा रिकामीच आहे की."

"त्या उजेडात नंबर दिसेल तर शपथ!" पोस्टमनकाका म्हणाले. "नंबराशिवाय पोलीस तरी काय करणार? हा रोज असाच हिंडणार आणि आम्ही रोज पडणार."

"अजिबात नाही!" चष्मेवाल्यांनी काउंटरवर मूठ आपटली. "नंबर सांगेल त्याला माझ्याकडून चष्मा फुकट!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर टिकली बसली होती. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मागच्या अंगणात उभ्या असलेल्या व्हॅनच्या टपाकडे. मग पोस्टमनकाकांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बराच वेळ पाहिलं. आणि ती खाली उतरली.

"मला चष्मा नको, बाबा. माझे डोळे चांगले आहेत."

तिनं त्यांच्या हातातलं पेन घेतलं. रिकाम्या जागेत सुवाच्य अक्षरांत गाडीचा नंबर लिहिला, शाई वाळावी म्हणून फुंकर मारली, कागद बाबांकडे तोंड करून सरकवला आणि पोस्टमनकाकांच्या गुडघ्याला लावायचं मलम आणायला धावतच आत गेली.