बिराजदार काकांचा उघडा लॅपटॉप

बिराजदार काका लॅपटॉप उघडाच घेऊन रस्त्यानं चालतात. दोन्ही हातांवर आडवा धरलेला, पडदा वर, चार्जरची वायर गळ्यात. आमच्या सात रस्त्याकडच्या गल्लीत लोक आधी हसायचे, मग वाट द्यायला लागले. कुणी म्हणालंच, काका, झाकण लावा की, तर चालता चालता उत्तर येतं, "झाकण लावलं की झोपतंय. झोपलं की उठत न्हाई."

हे मात्र खरं होतं. माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे, पण इतकं हट्टी यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. एकदा झोपलं की पडदा काळा आणि आत पंखा मात्र गरगरतोय. बंद करायला जावं तर अर्धा तास पडद्यावर नुसतं चक्र गोल गोल फिरत बसायचं. बॅटरी वीस मिनिटांची. काका घड्याळ बघून घरातून निघायचे आणि दुकानात शिरल्या शिरल्या विचारायचे, "लाइन क्लियर?" म्हणजे प्लग रिकामा आहे का. नसला तर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा चार्जर उपसून स्वतःचा लावायचे आणि मग निवांत बसून माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायचे.

काका होटगीला स्टेशन मास्तर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण पुढचा रूळ मोकळा असल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही रेल्वे काही अंगातून उतरली नाही. काकू होत्या तेव्हा त्यासुद्धा न्हाणीघरातून बाहेर आल्या की "लाइन क्लियर" म्हणायच्या, त्याशिवाय काका टॉवेल उचलत नसत. आता घरात ते एकटेच. तरी सवय अशी की न्हाणीघराच्या दाराशी अजून घटकाभर थांबतात.

लॅपटॉप दोन दिवस ठेवून जा, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. पण त्यासाठी बंद करावा लागेल म्हटलं की स्वारी उठून चालायला लागायची. शेवटी मी एकदा वैतागलोच. त्यात काय सोनं ठेवलंय का, असं विचारलं. तेव्हा खाली बघत म्हणाले की आत महेशला लिहिलेलं पत्र आहे, आठ महिन्यांपासून.

महेश त्यांचा मुलगा, शाळेत माझ्याच बाकावरचा. सहा वर्षांपूर्वी त्यानं शहराच्या पूर्व भागातल्या एका विणकर घरातल्या तेलुगू मुलीशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत, वर पुन्हा माझ्या दारात येऊ नको म्हणाले. महेश पुण्याला गेला. काकू वारल्या तेव्हा आला, स्मशानातूनच परत फिरला. त्यानंतर बाप-लेकांत एक शब्द नाही.

मी म्हटलं, मग पत्र सेव्ह करून टाका, चिंता मिटली. तर काकांनी मला रेल्वेचा नियम ऐकवला. रजिस्टरात एकदा लिहिलं की खोडता येत नाही, रेघ मारून सही करावी लागते आणि वरून जाब द्यावा लागतो. म्हणून कच्चं आहे तोवर सेव्ह करायचं नाही. सेव्ह केलेलंही बदलता येतं, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. "तू म्हणतोस की," एवढंच बोलून त्यांनी विषय मिटवला.

आणि मग तो सोमवार आला. काका घामाघूम होऊन आले, पडदा काळा. वाटेत कुणाचा तरी धक्का लागून झाकण मिटलं होतं. "आतून चालू हाय, शरद. फक्त जागं कर. बंद मात्र करू नको," असं दोनदा बजावून ते पाणी प्यायला शेजारच्या हॉटेलात गेले. समोर चार गिऱ्हाइकं उभी, एक जण बिलासाठी भांडतोय. अठरा वर्षांची सवय, दुसरं काय. माझा अंगठा आपोआप बटणावर गेला आणि दहा सेकंद दाबून बसला, सुटला, पुन्हा दाबला. काय केलं ते कळलं तेव्हा लॅपटॉप शहाण्यासारखा नव्यानं सुरू होत होता.

काका आले. कोरा पडदा बघितला. लॅपटॉप उचलला आणि गेले. मला बोलले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी लाजेनं मान खाली घालून त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, काका, माझ्या हातून पाप झालं. किती पानं होती? तुम्ही आठवेल तसं सांगा, मी रात्रभर बसून टाइप करतो.

"पानं कसली? एक ओळ होती. महेश, माझं चुकलं, सुनेला घेऊन घरी ये."

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलोच. तसाच लॅपटॉप पुढं ओढला, म्हटलं, मग आत्ता लिहू की, दोन मिनिटांचं काम. काकांनी माझा हात धरला. मग स्वतः बोट पुढं केलं, एक अक्षर उमटवलं, पुसलं. पुन्हा उमटवलं, पुन्हा पुसलं.

"लिहायचा धीर एकदाच झाला होता, बाळा," ते म्हणाले. "पाठवायचा व्हावा म्हणून रोज समोर घेऊन बसत होतो. आता लिहायचाबी होत न्हाई."

मी उठून बाहेर आलो. महेशचा नंबर माझ्याकडे आहे. मनात आलं, आपणच त्याला सांगावं की तुझ्या बापानं असं असं लिहिलं होतं आणि मी ते पुसलं. तीन आठवडे झाले. रोज दुकान उघडलं की नंबर काढतो, बघतो, आणि फोन खिशात ठेवतो.