दोनदा हलवा, बॅटरी लागेल

"पप्पा, फोन दोनदा हलवायचा, बॅटरी लागते. परत दोनदा हलवला की बंद," असं माझी मुलगी अक्षता म्हणाली आणि मी "करून टाक चालू" म्हणालो. पुढचं सगळं त्या तीन शब्दांमुळे झालं. (टॉर्चला आमच्याकडे बॅटरीच म्हणतात. मोबाईलच्या खऱ्या बॅटरीला काय म्हणायचं ते अजून ठरायचंय.)

अक्षता संभाजीनगरला नर्सिंग शिकते. चार दिवस सुट्टीवर आली होती. लाईट गेली की बाप अंधारात पाच मिनिटं फोनवर नुसती बोटं फिरवत बसतो, हे तिला पाहवलं नाही. तिने मला तीन विद्या दिल्या. फोन हलवला की बॅटरी. वाजणारा फोन पालथा घातला की चूप. कानाला लावला की बटन न दाबता कॉल सुरू. मला जोरात हलवायला जमेना (पहिल्याच प्रयत्नात फोन वरणात पडला), म्हणून तिने ते सेटिंग अगदी हलकं करून ठेवलं. जरा हललं तरी पुरे.

मी राजानंद, वय चौपन्न, जालना एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत कारकून. माझ्या हात हलवण्याने आजवर जगात काही घडलेलं नव्हतं. हात केला तर एसटीसुद्धा थांबायची नाही. आता नुसतं मनगट हललं की उजेड पडत होता. कंपनीत सगळ्यांना तीन-तीनदा करून दाखवलं. आमचे मॅनेजर केदार साहेब मात्र माझ्यासमोर रजिस्टर धरून म्हणाले, "राजानंद, ते राहू द्या. ही तुमची सही आहे का ईसीजी?"

मी हसलो आणि पेन बदललं.

अक्षता परत गेली आणि आठवड्याभरात बॅटरी आपोआप लागायला लागली. जेवताना फोन हातात घेतला की उजेड. बातम्या वाचायला घेतला की उजेड. बंद करावी तर परत चालू. बिघाड आहे म्हणावं, तर टेबलावर ठेवल्यावर एकदम शहाणा.

त्यातच शेजारच्या पुंजारामची आई वारली, तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात जावं लागलं. वंदना झाली, भन्तेजींनी सगळ्यांना पाच मिनिटं डोळे मिटून बसायला सांगितलं. फोन वाजू नये म्हणून मी तो पालथा करून हातातच धरला होता. दोन मिनिटांनी बायकांच्या बाजूने खुसखुस ऐकू आली. डोळे उघडले तर माझी बॅटरी सरळ भन्तेजींच्या तोंडावर लागत होती, विझत होती, लागत होती. मी फोन घाईने मांडीखाली घातला. तिथूनही उजेड येऊ लागला. (माणूस बसल्या जागी खालून पेटल्यासारखा दिसतो.)

भन्तेजींनी डोळे न उघडताच शांतपणे सांगितलं, "उपासक, प्रकाश आतून यायला पाहिजे."

पुंजाराम त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याची आई गेली होती आणि लोक माझ्या बॅटरीबद्दल बोलत होते. त्याचं काही चुकलं नाही.

खरा घोळ पुढे झाला. संध्याकाळी कंपनीतून आलो की मी दारात खुर्ची टाकून फोन पाहत बसतो. समोर बेबीनंदाबाईंचं घर. अंगणवाडीत आहेत, एकट्याच राहतात. एका संध्याकाळी त्या रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्याकडे न पाहता आमच्या हिला म्हणाल्या, "शिवकन्यावहिनी, भाऊंना काही पाह्यजे का, इचारा बरं. आठ दिवसांपासून माझ्या खिडकीत बॅटरी मारून राह्यलेत."

शिवकन्येने मला आत बोलावलं.

"कोणाला इशारे करून राह्यले?"

"अगं, फोन बिघडलाय."

"तो बेबीनंदाच्याच खिडकीपाशी बिघडतो?"

"खुर्चीचं तोंडच तिकडं हाय!"

"मंग खुर्ची कोणी ठिवली तिकडं?"

खुर्ची मीच ठेवली होती, अक्षता बालवाडीत होती तेव्हापासून. पण हे सांगितल्यावर प्रकरण एकदम सतरा वर्षं जुनं झालं. शिवकन्येने बोलणं बंद केलं. ताट समोर यायचं, पण आवाज करून यायचं.

तिसऱ्या दिवशी मीच म्हणालो, "चल माझ्यासंगं मोबाईलच्या दुकानात. तुझ्यासमोर तपासू." ती लगेच चप्पल घालून निघाली. आरोपीला कोर्टात नेतात तशी माझ्या मागे चार पावलं चालत होती.

गांधी चमनजवळ आदिनाथचं दुकान आहे. पन्नाशीचा माणूस, कमी बोलतो. त्याने फोन काउंटरवर ठेवला. काही झालं नाही. स्वतःच्या हातात धरला, पाच मिनिटं धरला. काही झालं नाही. दोनदा हलवला, बॅटरी लागली. परत हलवला, विझली.

"बराबर चालून राह्यला," तो म्हणाला. शिवकन्येने माझ्याकडे असं पाहिलं की मला सव्वीस वर्षांचा संसार काउंटरवर सुटा होऊन पडलेला दिसला.

"काका, तुमी धरा बरं."

मी धरला. बॅटरी लागली.

"हालवू नका."

"न्हाई हालवून राह्यलो."

विझली. लागली. आदिनाथने फोनकडे पाहिलंच नाही. तो माझ्या मनगटाकडे पाहत होता. मग त्याने हळूच फोन माझ्या हातातून काढला आणि म्हणाला, "काका, फोनला काही झालं न्हाई. हात हालून राह्यला तुमचा. दवाखान्यात दाखवा. जल्दी दाखवा."

पैसे घेतले नाहीत त्याने. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

खरं सांगायचं तर मला थोडं ठाऊक होतं. दोन महिन्यांपासून मी चहा अर्धा कपच मागत होतो. भर मे महिन्यात थंडी वाजल्यासारखा कप दोन्ही हातांनी धरत होतो. शर्टाचं वरचं बटन लावायला इतका वेळ लागायचा, की मी ते उघडंच ठेवायला लागलो होतो. (शिवकन्येला तेही बेबीनंदासाठी वाटलं होतं.) माझे वडील भिवा शेवटी शेवटी असेच हलायचे. मी कोणाला बोललो नाही. फोनने चारचौघांत सांगून टाकलं.

रस्त्यावर आल्यावर शिवकन्या माझ्या मागे नव्हती, बरोबरीने चालत होती. मग म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं हो. तिच्या दारात जाऊन दोन गोष्टी सुनावल्या असत्या, मिटलं असतं. ह्याला कुठं जाऊन सुनावू?"

डॉक्टरांनी मला चालायला लावलं, टाळ्या वाजवायला लावल्या, मग कागद देऊन गोल गोल आतून बाहेर रेघ काढायला सांगितली. मी काढली. डॉक्टर पाहत राहिले, शिवकन्या पाहत राहिली. एखाद्या कोंबडीने शाई सांडून त्यात पाय आपटावेत तसं काहीतरी झालं होतं.

"कंपवाताची सुरुवात वाटते," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत. खाणंपिणं चांगलं ठेवा. आणि आता गाडी चालवू नका."

"बरं होईल ना?" शिवकन्येने विचारलं.

"सांभाळता येईल," डॉक्टर म्हणाले. 'बरं होईल' आणि 'सांभाळता येईल' ही एकच गोष्ट नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं.

संध्याकाळी अक्षताचा फोन आला. मी कानाला लावला, आपोआप सुरू झाला. तिकडून नुसतं रडणं. तिला आईने सांगितलं होतं. "पप्पा, मी त्या चार दिवसांत तुमचा हात पाह्यलाच न्हाई. फोनच पाह्यला." मी म्हणालो, बेटा, मीही फोनच पाहत होतो.

पुढच्या खेपेला दवाखान्यातून परतताना आम्ही शेअर ऑटोत बसलो. आठ माणसं, त्यात दोन माझ्या कंपनीतली. मी मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन कोपऱ्यात दबून बसलो होतो, हात कुठे लपवावा ते कळत नव्हतं. तेवढ्यात शिवकन्येने माझा उजवा हात घेतला आणि आपल्या दोन्ही हातांत गच्च धरला. सव्वीस वर्षांत चारचौघांत तिने माझा हात पहिल्यांदा धरला होता. लग्नातसुद्धा फोटोवाल्याने तीनदा सांगितल्यावर दोन बोटं धरली होती. वाटलं, आता काहीही होऊ दे.

"अगं," मी हळूच म्हणालो, "लोकं पाहून राह्यलेत."

"पाहू द्या," ती समोर पाहत म्हणाली. "तुमच्या मांडीवर तीस अंडी हायेत."