नानांची भेसळ

इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आमचे शेजारी नाना लिमये लॅक्टोमीटर लावत. काचेची एक नळी, तिच्या बुडाशी शिसं आणि मानेवर आकडे. दुधात सोडली की ती तरंगते आणि दुधात पाणी किती आहे ते सांगते. नानांची सगळी नोकरी एका दूध संघात तपासनीस म्हणून झाली. ते निवृत्त झाले तेव्हा संघाने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. नळी मात्र नाना स्वतःच घेऊन आले.

लग्नाच्या पंगतीनंतर मसाला दूध आलं की नाना खिशात हात घालत. केशर, बदाम आणि साखर घातलेल्या दुधात ही नळी काहीही खरं सांगत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी ते ती सोडत, आकडा वाचत आणि फक्त "हं" म्हणत. त्या एका "हं"मुळे नवरीच्या बापाची झोप उडालेली मी पाहिली आहे.

माणसंही ते दुधाच्याच मापाने मोजत. "फॅट सगळ्यांना दिसतं हो, वकीलसाहेब. साय काय, आपोआप वर येते. एसएनएफ बघा. पाणी काढलं, साय काढली, की मागे काय उरतं ते बघा." वॉर्डातले पुढारी म्हणजे फॅट भरपूर, एसएनएफ शून्य. सोसायटीचे चेअरमन म्हणजे टोण्ड. माझ्याबद्दल एकदा धीर करून विचारलं, तर नाना बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "काठावर पास."

मी नोटरी आहे. पनवेलच्या कोर्टाबाहेर छत्री लावून बसतो आणि लोकांच्या झेरॉक्स कागदांवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारतो. तेव्हा काठावर पास हा निकाल मी उदार मानला.

नानांचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे आमचा दूधवाला, विचुंबे गावचा बाळाराम. जमिनी गेल्या, त्यांवर इमारती आल्या, बाळारामच्या गळ्यात बोटभर जाडीची साखळी आली आणि दारात मोठी काळी गाडी आली. पण तीन म्हशी त्याने ठेवल्या आणि सकाळचं दूध त्याच गाडीतून घालत राहिला. रोज सकाळी आमच्या मजल्यावर नानांची नळी दुधात बुडे आणि पुढचं भांडण वर येई.

"बाळाराम, पाणी आहे."

"म्हस पाणीच पिते नाना, दारू नाय पीत."

"मी तुझ्याबद्दल बोलतोय."

"मी कवाकवा पितो, पन दुधात नाय घालत."

हे सगळं कुमुदवहिनी दाराआडून ऐकत आणि हसत. नानांच्या शेजारी त्या इतक्या शांत असत की नवख्या माणसाला वाटावं, बाई बोलतच नाहीत. त्या जुन्या पनवेलच्या, तळ्याकाठच्या आळीत वाढलेल्या. वडिलांच्या घरामागेच गवळ्याचा गोठा होता. म्हैस व्याली की पहिल्या दिवसांचा चीक बाळाराम न चुकता त्यांच्याकडे आणून देई. पैसे घेत नसे. "चीक इकायचा नसतो, वयनी." वहिनी त्याचा खरवस करत आणि बाळारामची लोटी परत देताना तिच्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालत, कारण आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. त्याच सकाळी नानांनी बाळारामला चोर म्हटलेलं असलं, तर गुळाचा खडा जरा मोठा असे.

मग वहिनींच्या किडन्या बिघडल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी डायलिसिस सुरू झालं. डाळ मोजून, फळं मोजून, पाणीही मोजून. त्यातच कधीतरी पोटाने दूध नाकारलं. चहातला दुधाचा घोट गेला तरी पोटात कळा येत. दुधाच्या माणसाच्या घरात दूध बंद झालं.

आठवडाभर नाना दुसऱ्या दुधांची चौकशी करत फिरले. त्यानंतर त्यांनी सोयाबीन आणलं.

नाना कुठलीही गोष्ट अर्धवट करत नाहीत, हे त्यांच्या शेजाऱ्यांचं दुर्दैव आहे. संध्याकाळी सोयाबीन भिजे, पहाटे मिक्सर सुरू होई, आणि फुटाफुटावर चौकशी करत एक उग्र, कच्चा वास जिन्याने सगळ्या मजल्यांवर फिरून येई. त्या दुधाचा चहा पहिल्याच उकळीला फाटला. नानांनी आलं बंद केलं, दूध वेगळं तापवलं, चहा निवू दिला. चहा न फाटण्याची युक्ती सापडली तेव्हा त्यांनी मला बोलावून तो कप दाखवला. प्यायला दिला नाही, फक्त दाखवला.

मग ते इमारतीचे वैद्य झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटणकरबाईंना त्यांनी सकाळी उपाशीपोटी सोया दूध सुरू केलं. बाई थायरॉइडची गोळी त्याच दुधाबरोबर घ्यायला लागल्या, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी गोळी आणि सोया यांच्यात काही तासांचं अंतर हवं म्हणून चांगलं खडसावलं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाला गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी निघाली, तर नाना बाटली घेऊन दारात हजर. बाळाच्या डॉक्टरांचं म्हणणं, अशा काही बाळांना सोयाही सोसत नाही, विचारल्याशिवाय देऊ नका. "एसएनएफ कमी आहे त्या डॉक्टरचा," नाना जिना उतरताना म्हणाले, पण बाटली परत नेली. माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या, गुडघ्यांसाठी नाचणीचं दूध आलं. माझ्यासाठी ओट्सचं आलं. त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याची चव होती, आणि पुठ्ठ्याशी माझा व्यवसायाने संबंध असल्याने ती मी ओळखू शकलो.

आम्ही हसायचो. नारळाचं झालं, बदामाचं झालं, तांदळाचं झालं. हसणं थांबलं ते एकदा सुनंदा वहिनींपाशी बसून आली तेव्हा.

"अहो, त्या काही खातच नाहीत," ती म्हणाली. "नाना ताट घेऊन उभे असतात. त्या म्हणतात, जिभेला काही नको वाटतं. मी विचारलं, काय खावंसं वाटतं ते तरी सांगा. तर म्हणाल्या, खरवस."

खरवस म्हणजे दुधाचं दूध. साध्या दुधाच्या घोटाने ज्यांना कळा येतात, त्यांना चिकाची वडी म्हणजे विषच. डायलिसिसच्या केंद्रातल्या आहारतज्ज्ञ मुलीला नानांनी विचारून घेतलं होतं. ती म्हणाली, "काका, खरवस अजिबात नाही. सोयाचं काही करणार असाल तर तेही काकूंचे रिपोर्ट बघून, दोन चमचे. गूळ नको, साखर घाला. पण त्यांनी काहीतरी खायला हवं हो, वजन बघा ना."

नानांना एवढा आदेश पुरला. दोन चमचे. सोयाचा खरवस.

पुढचे काही आठवडे मी इतका खरवस खाल्ला की म्हशीने आयुष्यात तेवढा चीक दिला नसेल. पहिला लिंबाने आंबट झाला. दुसऱ्याला सोयाबीनचा कच्चा वास होता. तिसरा ताटात पडला तो परत उठलाच नाही. प्रत्येक वेळी नाना वाटी पुढे करून माझ्या तोंडाकडे बघत. "वकीलसाहेब, खोटं बोलायचं नाही. मूळ प्रतीशी ताडून सांगा."

मी ताडून सांगत असे. "नाना, ही नक्कल आहे, पण खरी नाही."

"हं," नाना म्हणत. आता मला त्या नवरीच्या बापाचं दुःख कळलं.

शेवटी एके दिवशी वाटीत जे आलं ते थरथरत होतं. वर जायफळ, आत केशर. सोयाबीनचं साल काढून ते उकळत्या पाण्यात वाटलं होतं, म्हणून वास गेला होता. आणि ते घट्ट कशाने झालं, ते नानांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं.

"चायना ग्रास."

मी दुसरा चमचा घेतला. बाजारातल्या एका मिठाईवाल्याला खरवसात चायना ग्रास घालतो म्हणून याच माणसाने गिऱ्हाइकांसमोर अर्धा तास फैलावर घेतलं होतं. मी साक्षीदार होतो.

"बोला ना."

"खरी नक्कल," मी म्हणालो. आणि ती होती.

पण पेच पुढेच होता. "माझ्या हातचा म्हणून दिला तर ती खाणार नाही," नाना म्हणाले. "माझं सगळं ती आधी हुंगते. आणि चार महिने मी तिला पुठ्ठे खायला घातलेत. बाळारामकडून आला तर खाईल."

म्हणून आम्ही विचुंब्याला गेलो. नवी इमारत, तिच्या मागे गोठा आणि गोठ्यात बाळाराम. नाना आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या दारी आलेले बघून तो शेण तसंच टाकून उठला.

"बाळाराम, तुझी म्हैस व्याली असं सांग."

"नाय व्याली."

"मला माहीत आहे. तरी सांग. तुझ्या लोटीतून हे आण." नानांनी डबा पुढे केला. काय आहे, कुणासाठी आहे, सगळं सांगितलं. बाळारामने वास घेतला, बोटाने चाखलं.

"नाना, जल्मभर तुमी मला भेसळवाला बोललात."

"हो."

"न आता तुमीच भेसळ करताय?"

"हो."

बाळाराम हसेल असं मला वाटलं होतं. त्याने हात धुतले, आत जाऊन लोटी आणली आणि घासायला घेतली. निघताना नानांनी खिशातली नळी काढून माझ्या गाडीच्या कप्प्यात टाकली. त्यानंतर ती खिशाला कधी दिसली नाही. मजल्यावरच्या दुधाची रोजची तपासणीही बंद झाली. तपासनीस निलंबित झाला होता, त्याच्याच आदेशाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाराम लोटी घेऊन आला. आम्ही नवरा-बायको सहज आल्यासारखे तिथेच होतो.

"वयनी, म्हस व्याली. पारडी झाली."

वहिनी उशीला टेकून सावरून बसल्या. "कुठली रे? कपाळावर चांद आहे ती?"

"तीच, तीच."

सुनंदाने चमचा पुढे केला. वहिनींनी तो स्वतःच्या हातात घेतला. एक घास घेतला आणि डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दारात नाना हातातलं फडकं पिळत उभे होते. त्या फडक्यात पाणी नव्हतं.

"बाळाराम," वहिनी म्हणाल्या, "तुझ्या म्हशीची सर कुणाला नाही रे."

त्यांनी दुसरा चमचाही खाल्ला. मग म्हणाल्या, "लोटी इकडे दे. रिकामी नाही पाठवायची." त्यांना उठवत नव्हतं, तरी सुनंदाच्या खांद्यावर हात टाकून त्या स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. तिला दारातच थांबवलं, नानांना बाहेर पाठवलं, लोटी स्वतः भरली आणि तिच्या तोंडाला फडकं बांधून बाळारामच्या हातात दिली. खूप दिवसांनी त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या होत्या. नाना गॅलरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्या उन्हाळ्यात बाळारामच्या तीन म्हशी इतक्या वेळा व्याल्या की तालुक्यात कुठे नोंद झाली असती तर चौकशीच लागली असती. वहिनी दोन चमचे खात राहिल्या. बाकी ताटातलंही थोडंथोडं जाऊ लागलं. नाना पुन्हा लोकांचे एसएनएफ सांगू लागले. मला त्यांनी एका अंशाने वर चढवलं.

गणपतीच्या आधी वहिनी गेल्या. दुखणं तेवढंच होतं; खरवसाने ते बरं होणार नव्हतं, आणि हे नानांसकट सगळ्यांना ठाऊक होतं.

नंतर एकदा बाळाराम जमिनीच्या कुठल्याशा कामाचं प्रतिज्ञापत्र करायला माझ्या छत्रीखाली आला. सही झाली, शिक्का झाला, तरी तो उठेना.

"वकीलसायेब, त्या लोटीत वयनींनी काय घातला होता, ठावं हाय?"

"तांदूळ-गूळ."

"सोयाबीन," बाळाराम म्हणाला. "पहिल्याच दिशी. मूठभर. न दर वेळेला तेच. फडका सोडून बघितला न मी जिन्यातच बसलो. फोन केला तर बोलल्या, बाळाराम, त्यांना बोलू नको हां. त्यांना वाटतंय, मला कललं नाय."

गोठ्याशेजारी वाढलेली बाई. तिच्यापुढे एक म्हैस एका उन्हाळ्यात तीनदा व्याली, आणि ती प्रत्येक वेळी पारडीची चौकशी करत राहिली.

"मग त्या सोयाबीनचं काय केलंस?"

"म्हशीला घातलं," बाळाराम म्हणाला. "खरवस तिच्या नावावर खपला, मंग दाने तिलाच नको?"

नाना अजून खरवस करतात. आता तो खाणारं घरात कोणी नाही, म्हणून दर आठवड्याला एक वाटी आमच्याकडे येते. नाना समोर बसतात. शर्टाचा खिसा रिकामा असतो.

"नोकरीत कुणाची भेसळ सुटू दिली नाही, वकीलसाहेब," ते म्हणतात. "स्वतः एकच केली. ती कुणाला पकडता आली नाही." मग रिकाम्या खिशावरून हात फिरवतात. "तिला कळलं नव्हतं ना हो?"

"नाही नाना," मी म्हणतो. "खरी नक्कल होती."

"हं," नाना म्हणतात.

मग ते उठतात. सुनंदा वाटी धुऊन, पुसून त्यांच्या हातात देते. देण्याआधी तिच्यात मूठभर तांदूळ आणि गुळाचा खडा घालते. सोयाबीन आम्ही घरात ठेवत नाही.