डोमाजी आणि फिरता चषक

डोमाजी स्वतःच्या नावावर काहीच बोलत नसत. जे म्हणायचं ते माशाच्या नावावर. "मासा म्हणते, इथं उजेड लय आहे." "मासा म्हणते, भाषण आटपा आता." मासा म्हणजे काचेच्या बरणीतला निळा फायटर, आणि डोमाजी म्हणजे आंधळगावचे सायकल दुरुस्तीवाले. ऐंशीच्या दशकात भंडाऱ्याच्या आमच्या शोभिवंत माशांच्या स्पर्धेला हे दोघं दरवर्षी एसटीने येत.

मी स्पर्धेचा चिटणीस. म्हणजे शाळेचा हॉल मागणं, बाकं लावणं, बादल्या भरणं, प्रमाणपत्रांवर नावं घालणं आणि शेवटी सांडलेलं पाणी पुसणं. पहिल्या वर्षी तर निम्म्या लोकांनी तलावातले खायचे मरळच आणले होते आणि बघणारे भाव विचारत होते. तेव्हापासून मी थकलेलोच आहे.

सगळ्यात कटकटीचा तो फिरता चषक. जिंकणाऱ्याने वर्षभर घरी ठेवायचा, पुढच्या स्पर्धेआधी परत करायचा. सलग तीनदा जिंकला तर कायमचा त्याचा. बाकीचे आपणहून आणून देत. डोमाजी ओळीने दोनदा जिंकले, आणि दोन्ही वेळा निरोप आला, "मासा म्हणते, चिटणीससाहेबानंच न्याले यावं."

गेलं की चषक लगेच हाती लागत नसे. आधी चहा, मग भात आणि वांग्याची भाजी, मग बरणीसमोर बैठक.

"पहा, वळखलं त्यानं तुमाले."

"डोमाजी, माझी बस जाईल."

"दुसरी येते ना बाप्पा! बसा."

घरात दुसरं कुणी नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला. चषक मात्र चिंचेने घासून लख्ख ठेवलेला.

तिसऱ्या वर्षीही फायटर पहिला आला. मनात म्हटलं, सुटलो. आंधळगावची फेरी संपली.

"अभिनंदन, डोमाजी. आता हा कायमचा तुमचा."

त्यांनी चषक टेबलावर परत ठेवला. "मासा म्हणते, नको."

"नको कसा? नियम आहे."

"मंग मले दुसरा नंबर द्या."

"अहो, अजून सगळी बाकं उचलायची आहेत मला. काहून छळता?"

डोमाजी बरणीच्या तोंडावर फडकं बांधू लागले. गाठ काही बसेना. मग बरणीकडे न बघताच म्हणाले, "कायमचा झाला तं तुमी न्याले कायले याल?"

मी चषक उचलून त्यांच्या पिशवीत घातला आणि म्हटलं, "पुढच्या वर्षी न्यायला येतो."

मग समितीच्या मंडळींना सांगून टाकलं, तीनदा जिंकल्याचा नियम आजपासून रद्द, चषक फिरताच राहील. कारण कुणी विचारलं नाही. सगळ्यांना घरी जायची घाई होती.